छायाचित्र ही ठेव होय

छायाचित्र काढविणारें कुटुंब आपले चेहरे छायाचित्रकारापाशीं ठेवीप्रमाणें ठेवितें. त्यांची मालकी देत नाहीं. इंग्लंडांतील एका खटल्यांत १८८८ सालीं हा भेद स्पष्ट झाला. एका बाईनें पैसे देऊन आपलें छायाचित्र काढविलें. छायाचित्रकारानें तिला न विचारतां त्याच काचेवरून नाताळचें भेटपत्र तयार करून दुकानांत मांडिलें. न्यायमूर्ति नॉर्थ यांनीं त्यास मनाई केली. काच त्याची असली, तरी ती गिऱ्हाइकाच्या प्रतींसाठींच वापरावयाची, हा करार व्यवहारांतच गृहीत आहे, असा त्यांचा निर्णय होता.

आज काचेची जागा संगणकानें घेतली आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता असंख्य चित्रें पाहून चेहरे ओळखावयास व नवीं चित्रें रचावयास शिकते. अशा शिक्षणासाठीं जमविलेल्या एका संग्रहांत ब्राझीलमधील मुलांच्या घरगुती छायाचित्रांचे दुवे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेस २०२४ सालीं आढळले. मुलांस वा आईबापांस त्याची वार्ताही नव्हती. काच फोडतां येते. परंतु यंत्र एकदां जें शिकलें, तें त्यांतून वेगळें काढणें फार कठीण असतें. म्हणून संमति आधींच घेतली पाहिजे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यांतही अठरा वर्षांखालील मुलांसाठीं पालकांच्या संमतीचें कलम आहे.

विद्यार्थ्यांनो, छायाचित्र काढविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: प्रती कोठें राहतील? किती दिवस राहतील? कोणत्या यंत्राच्या हवालीं होतील? मांडीवरच्या मुलास नकार देतां येत नाहीं. त्याच्यातर्फे हे प्रश्न घरच्या वडील माणसांनींच विचारले पाहिजेत.