हुशार मूल वाचत का नाही?
वाचन-अक्षमता असलेल्या बालकांचे अक्षरशिक्षण व शुद्धलेखन

बडोदे–भरूच लोहमार्गावर मियागाम-करजण हे स्थानक लागते. फलाटावरील पाटीवर स्थानकाचे नाव गुजराती, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत लिहिलेले असते. प्रवाशाला ही सोय वाटते. करजण तालुक्यात वाढणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलाला मात्र या तिन्ही लिप्या लहानपणीच पेलाव्या लागतात. घरी मराठी, शाळेत गुजराती, पुढे हिंदी व इंग्रजी असा त्याचा क्रम असतो. बहुतेक मुले हे ओझे सहज वाहून नेतात. काही मुले मात्र पहिल्याच लिपीतील पहिल्या वाक्यापाशी अडखळतात आणि दोन-तीन वर्षे लोटली तरी तेथून पुढे सरकत नाहीत.

असे मूल मंदबुद्धी नसते. ऐकलेली गोष्ट ते जशीच्या तशी सांगते, बाजारात मोड अचूक परत आणते, बैलाच्या खुरातला खडा कोणाच्याही आधी त्याच्या ध्यानात येतो. बारखडी ते तालासुरात म्हणून दाखवते. पुस्तक उघडून धडाही घडाघडा म्हणते. परंतु धड्यातील एखाद्या मधल्याच शब्दावर बोट ठेवून विचारले की ते गप्प होते, कारण धडा त्याने कानाने पाठ केलेला असतो, डोळ्यांनी वाचलेला नसतो. बारखडीच्या घोकंपट्टीने ही उणीव वर्ष-दोन वर्षे झाकली जाते. तिसरी-चौथीत ती उघडी पडते, आणि तोवर मुलाच्या माथी ‘आळशी’ हा शिक्का बसलेला असतो.

या अवस्थेला डिस्लेक्सिया अथवा वाचन-अक्षमता म्हणतात. ती नवी नाही. मात्र शाळा सक्तीची होईपर्यंत ती कोणाच्या नजरेस येण्याचे कारण नव्हते. न वाचणारे मूल शेतावर वा कारखान्यात जाई आणि तेथे त्याचे काही अडत नसे. इंग्लंडमध्ये १८८० साली शालेय उपस्थिती सक्तीची झाली. त्यानंतर १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका १४ वर्षांच्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. हा मुलगा चलाख होता, आकडे सहज वाचत होता, मात्र स्वतःच्या नावातील अक्षरेही उलटसुलट लिहीत होता. सर्व शिक्षण तोंडी दिले तर हा शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरेल, असे त्याच्या शिक्षकांचे मत त्या लेखात नमूद आहे.

करजण तालुका त्या काळी बडोदे संस्थानात होता. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. म्हणजे या भागातील शेतकऱ्यांची सर्व मुले शाळेत बसवण्याचा विचार देशातील अन्य भागांच्या बराच आधी झाला. स्वतः सयाजीराव नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ मध्ये १२ वर्षांचे असताना ते बडोद्यास आले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अध्यापन सुरू झाल्यावर ते अनेक भाषा शिकले. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. संधी न मिळाल्याने न वाचणारे मूल आणि संधी मिळूनही न वाचणारे मूल ही दोन निरनिराळी मुले होत. पहिल्याला शाळा पुरते. दुसऱ्याला शिकवण्याची रीत बदलावी लागते. स्थलांतर करणाऱ्या किंवा वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाविषयी निदान करण्यापूर्वी हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. त्याचप्रमाणे डोळे व कान यांची तपासणीही आधी झाली पाहिजे.

वाचन-अक्षमता हा दृष्टीचा दोष नाही, अक्षरे उलटी दिसण्याचा तर नाहीच. प्रथम लिहू लागलेली पुष्कळ मुले काही दिवस अक्षरे उलटी काढतात आणि पुढे ती सवय आपोआप जाते. खरी अडचण बोललेल्या शब्दातील सुटे ध्वनी वेगळे करण्यात आणि ते अक्षराशी जोडण्यात असते. ती अनेकदा कुटुंबात पिढीजात आढळते. मुलाच्या वाचनाविषयी बोलावलेले वडील ‘मलाही असेच होत असे’ म्हणतात, तेव्हा ती सबब न मानता माहिती मानावी.

देवनागरी लिपी उच्चारानुसारी आहे, म्हणून मराठीत ही अडचण कमी असेल असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जेथे लिपी उच्चाराच्या जवळ असते तेथे अशी मुले चुकीपेक्षा संथपणामुळे ओळखू येतात. ती शब्द बरोबर वाचतात, पण इतक्या कष्टाने की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेला असतो. इंग्रजीत तीच मुले पुरती गोंधळतात. शिवाय आपल्या लिपीच्याही स्वतःच्या खाचाखोचा आहेत.

गावाचेच नाव घ्यावे. ‘करजण’ लिहिताना चार अक्षरे येतात, पण उच्चार ‘कर्-जण्’ असा दोनच ठोक्यांचा होतो. ‘र’ आणि ‘ण’ यांतील ‘अ’ बोलताना गळून पडतो, आणि तो कोठे गळतो हे लिपी सांगत नाही. इतर मुले हे नकळत शिकतात. वाचन-अक्षमता असलेले मूल ‘क… र… ज… ण…’ असे प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारते आणि आपण रोज ऐकतो ते गाव हेच, हे त्याच्या लक्षात येत नाही. हा नियम त्याला उघड सांगावा लागतो, टाळ्या वाजवून त्याच्या कानावर घालावा लागतो.

‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारताना नंतर. ‘र’ हे एकच अक्षर ‘सर्व’, ‘प्रकार’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत चार रूपे घेते. एकच अनुस्वार ‘आंबा’, ‘अंगण’ आणि ‘चंद्र’ यांत तीन निरनिराळे ध्वनी दाखवतो. ‘चाक’ व ‘चंद्र’ यांतील ‘च’ एकसारखा लिहिला जातो, पण एकसारखा बोलला जात नाही. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या डोळ्याला फसवतात, तर क-ख, ट-ठ, न-ण या कानाला.

करजणसारख्या ठिकाणी यात गुजरातीची भर पडते. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. तिच्यातील कित्येक अक्षरे देवनागरीशी जुळतात, पण ‘क’, ‘ज’, ‘अ’ यांसारखी काही अगदी निराळी आहेत. गुजराती ‘र’ हा देवनागरी २ सारखा दिसतो, आणि त्या लिपीत ‘प’ हे अक्षर व पाचाचा आकडा जवळजवळ एकच आहेत. मराठीत ‘र’च्या जागी २ काढणारे मूल खोडी करत नसते. त्याच्या मनात दोन लिप्या एकमेकींवर चढलेल्या असतात. अशा मुलास एक लिपी पक्की होईपर्यंत दुसरी लादू नये. घरी मराठी गोष्टी वाचून दाखवाव्यात, बोलाव्यात. लेखनाची घाई करू नये.

शिकवण्याचा आरंभ पाटी-पेन्सिलीशिवाय करावा. प्रथम कान तयार व्हावा लागतो. ‘कमळ’ या शब्दाच्या आरंभी कोणता आवाज, शेवटी कोणता, मधला काढून टाकला तर काय उरते, असे खेळ रोज पाच मिनिटे घ्यावेत. आपल्या घराघरांत खेळल्या जाणाऱ्या भेंड्या हा याच जातीचा खेळ आहे. त्यात शेवटचे अक्षर पकडावे लागते, आणि वाचताना जड जाणाऱ्या मुलाला नेमके तेच सापडत नाही. त्याला प्रवासात किंवा जेवणानंतर सुट्या शब्दांच्या भेंड्या खेळू द्याव्यात.

त्यानंतर अक्षरे. वर्णमालेचा ‘क ख ग घ’ हा क्रम शास्त्रशुद्ध आहे, पण या मुलांसाठी सोयीचा नाही, कारण तो सारख्या आवाजाची अक्षरे एकाच दिवशी समोर आणतो. त्याऐवजी आकार व आवाज दोहोंत भिन्न आणि नित्य वापरातील चार-पाच अक्षरे, उदाहरणार्थ म, क, स, न, ल, घेऊन एक काना जोडला की ‘मका’, ‘काम’, ‘नाक’, ‘मान’, ‘साल’ असे अर्थपूर्ण शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. ‘घ’ पक्का झाल्यावरच, काही आठवड्यांनी, ‘ध’ शिकवावा. जोडाक्षरे सर्वांत शेवटी, आणि तीही एका वेळी एकाच प्रकारची.

अक्षर गिरवताना डोळा, कान, तोंड आणि हात ही चारही एकाच वेळी कामाला लागावीत, हे सॅम्युएल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या अमेरिकेतील कार्यापासून मान्य झालेले तत्त्व आहे. मारिया माँटेसरी यांची खरखरीत कागदाची अक्षरे, आणि गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी गुजरात-महाराष्ट्रात रुजवलेली बालशिक्षणाची रीत, यांतही हेच सूत्र दिसते. पण आपल्याकडे धुळाक्षरे त्याहून जुनी आहेत. धुळीच्या पाटीवर बोटाने अक्षर काढत त्याचा आवाज मोठ्याने म्हणण्याची ती पद्धत कागद स्वस्त झाल्यावर मागे पडली. ताटात बारीक वाळू पसरून ती पुन्हा सुरू करण्यास काहीच खर्च येत नाही. अट एवढीच की बोट फिरत असताना मुलाने आवाज उच्चारलाच पाहिजे. मुक्याने गिरवलेले अक्षर हाताला येते, वाचनात येत नाही.

असा पाठ रोज वीस मिनिटांचा असावा. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो. कालचे अक्षर आज तपासून मगच नवे द्यावे. वर्गासमोर अचानक उभे करून वाचायला लावणे कटाक्षाने टाळावे. आदल्या दिवशी चार ओळी नेमून द्याव्यात आणि त्याच वाचून घ्याव्यात.

शुद्धलेखनात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावण्यात. या मुलांना दहाव्या वेळी तोच शब्द अकराव्या रीतीने चुकवता येतो. मराठीत ह्रस्व-दीर्घ बहुधा कानाला स्पष्ट कळत नाही, म्हणून ‘नीट ऐक’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो. येथे नियमच हाती द्यावा लागतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हा नियम एका आठवड्याला पुरतो: पाटी, कवी, लाडू, वाळू. ‘मूल’, ‘फूल’, ‘दूध’ यांतील दीर्घ उकार ‘मुलाला’, ‘फुलाला’, ‘दुधाला’ असा ह्रस्व होतो, हा पुढच्या आठवड्याचा. श्रुतलेखनात त्या आठवड्याच्या नियमाचेच सहा-सात शब्द घालावेत आणि त्या नियमापुरतेच तपासावे. बाकीच्या चुकांवर लाल शाई फिरवू नये. करजणच्या शिक्षकाने आणखी एक ध्यानात ठेवावे. गुजराती जोडणीत शेवटचा उकार सामान्यतः ह्रस्व असतो. ‘लाडु’ लिहिणारे मराठी मूल कदाचित शाळेत शिकवलेला नियमच पाळत असेल.

आता कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशी अक्षमता मुलांमध्ये शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन-उपाय योजण्याचे कर्तव्य कलम १६ अन्वये शासनमान्य व अनुदानित शाळांवर येते. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेस बसणाऱ्या अशा विद्यार्थ्यांसाठी १९९६ पासून सवलती आहेत. जादा वेळ, लेखनिक आणि शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष या त्यांतील मुख्य होत. मराठीतून चाचणी घेण्याचे साधनही आता उपलब्ध आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या चाचणीसंचात हिंदी व कन्नडबरोबर मराठीचा समावेश आहे. मुलाची परीक्षा त्याला न येणाऱ्या भाषेत घेऊन निष्कर्ष काढण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही.

सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, आणि पालक त्यासाठी बहुधा दहावीच्या वर्षी धावाधाव सुरू करतात. अध्यापनाला मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. तिसरीच्या गुरुजींना शंका आली की वाळूचे ताट त्याच आठवड्यात काढता येते. वर्षअखेरीस त्यांनी एक साधी वही पुढच्या वर्गशिक्षकाकडे सोपवावी. कोणती अक्षरे पक्की झाली, कोणत्या जोड्या अजून गोंधळात टाकतात, कोणते नियम शिकवून झाले, एवढेच त्यात लिहिलेले असावे. ही वही नसली तर चौथीत मुलाला पुन्हा ‘क’पासून आरंभ करावा लागतो.