देवमाशांच्या शिकारी जहाजाचं मॉडेल करताना

रत्नागिरी

चि. सायलीस,


तुझं पत्र मिळालं. अमेरिकेतल्या मिस्टिकच्या सागरी संग्रहालयात जाऊन तू चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन हे जहाज पाहून आलीस आणि आता त्याचं १:६४ प्रमाणातलं लाकडी मॉडेल करायला घेते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला, सुरुवात कुठून करू? दुसरा, ज्या जहाजावर हजारो देवमाशांची चरबी वितळवली गेली, ते इतक्या जिव्हाळ्यानं घडवावं का? नोकरीची सगळी वर्षं मी जहाजांचे आराखडे काढण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर मॉडेलं करत आलो, त्यामुळे पहिल्याचं उत्तर मला लगेच देता येईल. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं, म्हणून आधी कामाचं बोलतो.

सगळ्या पत्राचा अर्क एका वाक्यात सांगतो. जहाजावरची कोणतीही वस्तू, ती कशासाठी होती हे कळल्याशिवाय घडवू नकोस.

त्यासाठी पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याचा एक माणूस काप. साडेपाच फुटांचा माणूस तुझ्या प्रमाणात २६ मिलिमीटरचा होतो. हा माणूस काम संपेपर्यंत टेबलावर राहू दे. जिना केलास की त्याला पायरीवर उभं कर. कठडा केलास की त्याच्या कमरेशी लावून बघ. त्याला जिथं वावरता येणार नाही, तिथं तुझं माप चुकलं असं समज. आराखड्यातली रेघ वाचताना डोळा फसतो, पण हा माणूस फसत नाही.

दुसरी गोष्ट, साल ठरव. मॉर्गन १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला हिलमन बंधूंच्या गोदीत बांधलं गेलं. ८० वर्षांत त्यानं ३७ सफरी केल्या. शेवटची १९२१ मध्ये संपली. इतक्या काळात जहाज एकसारखं राहत नाही. सुरुवातीला तिन्ही डोलकाठ्यांवर आडवी, चौकोनी शिडं होती. पुढे मागच्या डोलकाठीवरची ती काढून तिथं उभं शीड आलं, कारण त्याला माणसं कमी लागतात. शिकारीचे भालेही बदलले. १८४८ मध्ये न्यू बेडफर्डच्याच लुईस टेंपल या कृष्णवर्णीय लोहारानं फिरत्या टोकाचा भाला घडवला. तो देवमाशाच्या अंगात शिरला की त्याचं टोक आडवं होई आणि सहजी निसटत नसे. त्यामुळे १८४१ चं मॉर्गन दाखवणार असशील, तर तुझ्या होडीत टेंपलचा भाला असता कामा नये. एक साल पक्कं कर, वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि शंका आली की त्या पानाकडे बघ.

आता लाकडाला हात घालू. तुझ्या मॉडेलच्या संचात मधोमध कणा आहे आणि त्यावर बसवायचे प्लायवूडचे आडवे पडदे आहेत. मॉडेल सरळ होणार की वाकडं, हे इथंच ठरतं. पडदे कण्याशी काटकोनात बसले का, ते गुण्या लावून तपास. मग एक लवचीक पट्टी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सगळ्या पडद्यांवर टेकवून बघ. कुठं ती उचलली जाते, कुठं दबते, ते पेन्सिलीनं खुणावून पडद्यांच्या कडा पॉलिश पेपरनं तासत जा. पट्टी सगळीकडे सारखी टेकेपर्यंत एकही फळी चिकटवू नकोस. खऱ्या मॉर्गनची २००८ ते २०१३ अशी पाच वर्षं डागडुजी झाली. फळ्या आणि फासळ्या मोठ्या प्रमाणावर बदलल्या गेल्या, पण कणा अजून मूळचाच आहे. खालची बांधणी चोख असली तर वरचं सगळं बदलता येतं.

हे जहाज वेगासाठी बांधलेलं नव्हतं. सुरुवातीच्या काळात एकेक सफर तीन-चार वर्षं चाले आणि तेवढ्या काळात भरलेली तेलाची पिंपं पोटात मावायला हवीत, म्हणून त्याचं पोट फुगीर आणि नाळ बोथट आहे. पहिल्यांदाच मॉडेल करणाऱ्याला हीच नाळ सगळ्यात जास्त छळते. मध्यभागी जहाजाचा घेर मोठा आणि टोकाशी लहान, तेव्हा सगळीकडे सारख्या रुंदीची फळी बसणारच नाही. घेराचे मध्यभागी आणि नाळेशी सारख्याच संख्येचे भाग पाड आणि त्या मापानं प्रत्येक फळी नाळेकडे निमुळती करत ने. निमुळती करतानाही मूळ रुंदीच्या निम्म्याखाली जाऊ नकोस. तशी वेळ आली तर दोन फळ्यांच्या जागी पुढे एकच ने. मागच्या बाजूला उलट घडतं, तिथं फट उरते आणि तीत पाचरीसारखी जादा फळी घालावी लागते. फळी जबरदस्तीनं वाकवू नकोस. भिजव, ऊब दे, आकारावर चिमट्यांनी धरून ठेव आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटव. ओलं लाकूड चिकटवलं तर वाळताना ते आक्रसतं आणि सांधे उघडतात. डाव्या बाजूची एक फळी झाली की उजव्या बाजूची एक, असं आळीपाळीनं कर. एकच बाजू पुरी करत गेलीस तर कण्याला पीळ बसेल.

पाण्याखालच्या भागावर धातूचे पत्रे येतील. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून तळ वाचावा म्हणून ते ठोकत. खरा पत्रा साधारण चार फूट लांब आणि १४ इंच रुंद, म्हणजे तुझा १९ मिलिमीटर लांब आणि साडेपाच मिलिमीटर रुंद. पत्रे मागच्या टोकापासून पुढे लावत ये, म्हणजे पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर चढते आणि वाहतं पाणी पत्र्याखाली शिरत नाही. मॉडेल पाण्यात जाणार नाही हे खरं, पण जाणकार माणूस पहिल्यांदा हाच क्रम बघतो. खिळ्यांच्या खुणा ठळक करू नकोस. खऱ्या खिळ्याचं डोकं ६४ पटीनं लहान केलं तर ते दिसतही नाही.

डेकवर आलीस की मॉर्गनचं खरं रूप समोर येतं. पुढच्या आणि मधल्या डोलकाठ्यांच्या मध्ये विटांची एक भली मोठी चूल आहे आणि तिच्यात दोन लोखंडी कढया बसवलेल्या आहेत. देवमासा जहाजाच्या उजव्या अंगाला साखळीनं बांधत. बाहेर लोंबत्या फळीवर उभं राहून लांब दांड्याच्या कोयत्यांनी त्याच्या चरबीचे पट्टे सोलत आणि डेकवर बारीक कापून या कढयांत वितळवत. गुऱ्हाळात जशी चिपाडं चुलाणात जातात, तसा इथं तेल निघाल्यावर उरलेला चरबीचा चोथाच जाळण म्हणून वापरत. लाकडी जहाजावर दिवसरात्र पेटती चूल, म्हणून तिच्याखाली पाण्याची उथळ टाकी असे. ती टाकी करायला विसरू नकोस. मॉडेलमध्ये जेमतेम दिसेल, पण तिच्याशिवाय जहाज जळून गेलं असतं. विटा सव्वातीन मिलिमीटर लांबीच्या धर. कढयांभोवती काजळीचा हलका हात दे, त्याहून जास्त नको. उजव्या अंगाच्या मधल्या भागात काढता येणारा कठडा आहे आणि तिथं होडी टांगलेली नाही, याचं कारणही आता तुझ्या ध्यानात येईल. मासा तिथंच बांधत.

माझं मत विचारशील तर संबंध मॉडेलचा प्राण त्याच्या होड्यांत आहे. जहाज हा कारखाना होता. शिकार होड्यांतून होई. होडी दोन्ही टोकांना निमुळती, कारण भाला लागताच तिला झटकन मागे यावं लागे. लांबी २८ फुटांच्या आसपास, म्हणजे तुझ्याकडे साधारण १३३ मिलिमीटर. तिच्यात सहा जण असत. भाला फेकणारा सगळ्यात पुढचं वल्हं मारी. भाला लागला की तो मागे जाऊन सुकाणूचं लांब वल्हं धरी आणि तिथला अधिकारी पुढे येऊन शेवटचा वार करी. उसळत्या पाण्यात, उधळलेल्या देवमाशामागे फरफटत जाणाऱ्या होडीत ही अदलाबदल होई. टोपल्यांत वेटोळं करून ठेवलेला दोर १८०० फुटांचा. तो आधी मागच्या टोकाच्या खुंटाला वळसा घेई आणि मग सगळ्यांच्या मधून पुढे नाळेच्या खाचेतून बाहेर जाई. धावत्या दोरात हात किंवा पाय अडकला तर माणूस गेलाच. म्हणून दोराचा मार्ग अचूक दाखव. तो चुकला तर ती होडी साधी वल्ह्यांची होडी होऊन बसते.

या होड्यांच्या फळ्या जेमतेम अर्धा इंच जाड होत्या. तुझ्या प्रमाणात ०.२ मिलिमीटर. इतकं पातळ लाकूड हाती धरवत नाही. तेव्हा इथं लाकडाचा हट्ट सोड आणि जाड कागदाच्या पट्ट्या साच्यावर चिकटवून होडी कर, वर वार्निशचा हात दे. लाकडाची जाडजूड होडी पाहणाऱ्याला त्या माणसांच्या आणि समुद्राच्या मध्ये किती थोडं लाकूड होतं, हे सांगू शकणार नाही. कागदाची होडी ते सांगेल.

दोरांचं काम शेवटी येतं आणि तिथं पुष्कळांचा धीर सुटतो. नियम साधा आहे: आतून बाहेर, खालून वर. डोलकाठ्यांना धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले, म्हणून काळपट; शिडं आणि परबाणं, म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्या, हलवणारे दोर फिकट. सगळीकडे एकच जाडी वापरू नकोस. जो दोर जास्त भार पेलतो तो जाड, हे लक्षात ठेवलंस की निम्मी कोडी सुटतील. शिडीसारख्या आडव्या दोऱ्या पाच मिलिमीटर अंतरावर बांध, पुठ्ठ्याच्या माणसाचा पाय तिथं नीट पोचतो. दोर ताणून बांधू नकोस. एकाचा ताण वाढला की डोलकाठी झुकते आणि समोरचा ढिला पडतो. डोलकाठ्यांच्या टोकाशी लोखंडी कडी आहेत, ती विसरू नकोस. त्यांत छाती अडकवून खलाशी दोन-दोन तास उभे राहत आणि देवमाशाचा फवारा दिसतो का ते बघत. मॉर्गन ज्या वर्षी पाण्यात उतरलं, त्याच १८४१ च्या जानेवारीत हर्मन मेलव्हिल नावाचा एकवीस वर्षांचा तरुण अकुश्नेट या दुसऱ्या शिकारी जहाजावर चढला होता. त्यानंही असा पहारा दिला होता. त्या अनुभवातून १८५१ मध्ये ‘मोबी डिक’ ही कादंबरी आली.

आता तुझा दुसरा प्रश्न. मॉर्गननं ५४,००० पिंपांहून अधिक तेल घरी आणलं. त्या तेलावर दिवे जळले, कारखान्यांची यंत्रं फिरली. देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांपासून बायकांच्या कंचुक्या आणि छत्र्यांच्या काड्या झाल्या. ज्यांनी हे तेल आणलं त्यांना ठरलेला पगार नव्हता, नफ्यातला हिस्सा मिळे. नवख्या खलाशाचा हिस्सा इतका बारीक की काही वर्षं राबूनही हातात फार थोडं पडे. या खलाशांत अझोर्स, केप व्हर्दे आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरची माणसं होती. देवमाशांची संख्या इतकी घटली की १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. यातली एकही गोष्ट झाकण्याजोगी नाही. कोयते, आकडे आणि कढया वगळून नुसती पांढरी शिडं आणि चकचकीत पितळ दाखवणारं मॉडेल खोटं आहे. ते माणसांचे कष्ट लपवतं आणि माशांचं मरणही लपवतं. प्रत्येक वस्तू तिच्या कामासकट घडवलीस, तर तुझं मॉडेल साक्षीदार होईल आणि मग त्यावर कितीही जीव लावलास तरी गैर नाही.

मिस्टिकच्या लोकांनीही हेच केलं. जहाज मोडीत काढलं नाही आणि त्याचा इतिहास पुसलाही नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात ते अडतिसाव्या सफरीला निघालं आणि स्टेलवेगन बँकच्या संरक्षित समुद्रात जिवंत देवमाशांच्या सान्निध्यात गेलं. या खेपेला त्यावर अभ्यासक, शिक्षक आणि कलावंत होते.

तुला एवढंच मागतो. मॉडेल पुरं झालं की बैठकीखाली एक छोटी पाटी लाव. जहाजाचं नाव, तू निवडलेलं साल आणि प्रमाण लिही, आणि त्याखाली एका ओळीत हे जहाज काय करत होतं तेही लिही. इंग्रजीबरोबर मराठीतही लिही, म्हणजे इथून आलेल्या पाहुण्यालाही वाचता येईल. घाई करू नकोस; रोज तासभर बसलीस तरी पुरे. पडद्यांवर पट्टी नीट टेकली की मला फोटो पाठव, त्याआधी पहिली फळी चिकटवू नकोस.

तुझा,
आबाकाका