स्मृतिभ्रंश: वयाचा दोष किती, रक्तदाबाचा किती?

घरातलं सत्तरी ओलांडलेलं माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, जेवून हात धुतल्यावर 'मला कुणी वाढलंच नाही' म्हणू लागलं, की आपल्याकडे ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, म्हातारपण आहे, चालायचंच. दुसरं, त्यांच्या घराण्यातच आहे ते. दोन्ही उत्तरं सोयीची आहेत, कारण त्यानंतर कुणी काही करायचं उरत नाही. मला मात्र दोन्ही अपुरी वाटतात. वय हे स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण आहे आणि आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे, हे कुणी नाकारत नाही. पण सगळा खेळ या दोघांचाच असता, तर ठरावीक वयाच्या शंभर माणसांत हा विकार किती जणांना होतो, तो आकडा पिढ्यानपिढ्या जवळपास तोच राहायला हवा होता. तो तसा राहिलेला नाही, आणि हे दवाखान्यात बसून दिसत नाही. त्यासाठी दारोदार जाऊन माणसं तपासावी लागतात.

इंग्लंडमध्ये असं काम दोनदा झालं. 1989 ते 1994 या काळात केंब्रिजशायर, न्यूकॅसल आणि नॉटिंगहॅम या भागांतल्या पासष्टीपुढच्या माणसांची घरोघरी तपासणी झाली. पुढे 2008 ते 2011 मध्ये संशोधक पुन्हा त्याच भागांत गेले. प्रश्न तेच ठेवले आणि निदानाची पद्धतही तीच. हा हट्ट महत्त्वाचा होता, कारण निदानाचे निकष बदलले की रुग्णांची संख्या आपोआप बदलते आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही. कॅरोल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये निष्कर्ष छापले. जुन्याच दराने विकार होत राहिला असता, तर वाढलेली वयं धरून त्या वयोगटात 8.3 टक्के रुग्ण सापडायला हवे होते. सापडले 6.5 टक्के. सगळ्या ब्रिटनचा हिशोब मांडला, तर अपेक्षित 8 लाख 84 हजारांऐवजी सुमारे 6 लाख 70 हजार. वीस वर्षांत एखाद्या समाजाची जनुकं बदलत नाहीत. स्मृतिभ्रंश रोखणारं औषधही या काळात आलं नाही. डोनेपेझिलसारखी जी औषधं आली, ती लक्षणं थोडी सावरतात, विकार टाळत नाहीत. मग दोन लाखांवर माणसं वाचली कशाने?

इथे शंका घेणारा वाचक मला आवडेल. दुसऱ्या फेरीत तपासणीला होकार देणाऱ्यांचं प्रमाण 80 टक्क्यांवरून 56 टक्क्यांवर घसरलं होतं. ज्यांची स्मृती ढासळली आहे तेच दार उघडायला कचरले असतील, तर घट नुसती कागदावरची ठरेल. संशोधकांनी ही शक्यता हिशोबात धरून आकडे पुन्हा तपासले, तरी निष्कर्ष टिकला. शिवाय अगदी वेगळ्या पद्धतीने चाललेल्या अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातही तेच दिसलं. हा अभ्यास 1948 मध्ये हृदयविकारासाठी सुरू झाला आणि तीच कुटुंबं पिढ्या उलटल्या तरी तपासली जात आहेत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, साठीपुढच्या शंभर जणांपैकी पुढच्या पाच वर्षांत स्मृतिभ्रंश होणाऱ्यांची संख्या 1970 च्या दशकाच्या अखेरीस 3.6 होती. तीन दशकांनंतर ती 2.0 वर आली. पण ही घट फक्त शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्ये होती. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्या वाट्याला ती आलीच नाही. हा तपशील आपल्यासाठी फार मोलाचा आहे.

आलेख नेहमी खालीच जातो, असा मात्र समज नको. जपानमधल्या हिसायामा गावात अनेक दशकं चाललेल्या अभ्यासात प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. खुद्द इंग्लंड आणि वेल्समध्येही 2008 नंतर नव्या रुग्णांचा दर पुन्हा चढू लागल्याचं 2023 मधल्या एका विश्लेषणाने दाखवलं. काही जण यावरून 'म्हणजे ती घट हा योगायोगच' असं म्हणतील. मी उलट अर्थ काढतो. जो दर खाली येतो आणि वरही जातो, तो केवळ वयाच्या हातात नाही. भोवतालच्या आणि शरीराच्या ज्या परिस्थितीत माणसं म्हातारी होतात, तिच्याशी तो बांधलेला आहे.

ती परिस्थिती मेंदूपर्यंत पोहोचते मुख्यतः रक्तवाहिन्यांतून. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली, तर बहुतेकदा एकच दोष सापडत नाही. अल्झायमरच्या विकारात साचणारी प्रथिनं असतात, आणि त्यांच्या जोडीला बारीक रक्तवाहिन्या बंद पडून झालेल्या छोट्या छोट्या जखमा असतात. पक्षाघाताचा झटका म्हणून यातली एकही जखम जाणवलेली नसते. वर्षानुवर्षं चढा राहिलेला रक्तदाब आणि मधुमेह या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक करतात. शिक्षणाचं काम वेगळं आहे. ज्या गावाला जायला चार वाटा आहेत, तिथे पावसात एक वाहून गेली तरी एसटी पोहोचते. शिकलेल्या, सतत वापरात राहिलेल्या मेंदूत तेवढ्याच बिघाडाने कामकाज लगेच थांबत नाही. बिघाड असतो, पण तो उशिरा दिसतो, आणि सत्तरीत दिसणारी गोष्ट ऐंशीत दिसू लागली, तर कित्येकांच्या आयुष्यात ती दिसतच नाही.

आता भारताकडे येऊ. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत झालेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पासष्टीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 1.36 टक्के निघालं. मुंबईतल्या 2001 च्या एका पाहणीत त्याच वयोगटात ते 2.44 टक्के होतं. पुढे वार्धक्याविषयीची देशव्यापी 'लासी' पाहणी झाली. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तिच्यात सहभागी आहे. त्याच पाहणीतल्या सुमारे चार हजार वृद्धांची सखोल तपासणी 'लासी-डॅड' या उपप्रकल्पात झाली, आणि 2023 मध्ये साठीपुढच्यांसाठी आकडा आला 7.4 टक्के, म्हणजे देशात सुमारे 88 लाख माणसं. वीस-पंचवीस वर्षांत विकार इतका फोफावला? असं म्हणणं घाईचं ठरेल. त्यातला बराच फरक मोजण्याच्या पद्धतीतला आहे.

मोजणं इथे खरोखर अवघड आहे. पाश्चात्त्य चाचणीत कागदावर एक वाक्य लिहा, हे वाचा आणि तसं करा, असे प्रश्न असतात. कधी शाळेत न गेलेल्या आजींना ते घातले, तर त्या निरोगी असूनही नापास. म्हणून बल्लभगडच्या संशोधकांनी हिंदी चाचणी नव्याने बांधली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलून दाखवायचं, लेखी सूचनेऐवजी तपासणाऱ्याने डोळे मिटले की आपणही मिटायचे. ही झाली एक अडचण, निरोगी माणसाला आजारी ठरवणारी. दुसरी नेमकी उलटी आहे. रूढ निकषांप्रमाणे दैनंदिन व्यवहारात अडथळा आला तरच स्मृतिभ्रंश म्हणायचा. पण आपल्याकडे सून चहा हातात देते, मुलगा पेन्शन काढून आणतो, नातू देवळात पोहोचवून येतो. हिशोब, स्वयंपाक, बाजार सगळं आधीच काढून घेतलेलं असतं. अडथळा येणार कशात? चेन्नई आणि वेल्लोरमध्ये काम केलेल्या '10/66' या आंतरराष्ट्रीय गटाने रूढ निकष आणि स्वतःचे, अशिक्षित समाजासाठी पारखून घेतलेले निकष त्याच माणसांना लावून पाहिले, तेव्हा आकड्यांत कित्येक पटींचा फरक पडला. त्यामुळे 'आमच्या एकत्र कुटुंबपद्धतीत हा आजार होतच नाही' हे आवडतं विधान मला पटत नाही. एकत्र कुटुंबात तो झाकला जातो. त्यात प्रेमही आहे, हे खरं.

'लासी-डॅड'चा एकूण आकडा पुढेमागे बदलेल, पण त्याची आतली फोड आपल्याला बरंच सांगते. स्त्रियांत प्रमाण सुमारे 9 टक्के, पुरुषांत 5.8. खेड्यांत 8.4, शहरांत 5.3. आज सत्तरीत असलेल्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलींना शाळा किती मिळाली, हे वाचकांना सांगायला नको. चाचणीतला पक्षपात कितीही काढला, तरी यातला मोठा भाग न मिळालेल्या शाळेकडे बोट दाखवतो. फ्रेमिंगहॅममध्ये जे वंचित राहिले, त्यांचेच हे इकडचे सोबती.

'पण नुसत्या पाहण्यांवरून कारण कसं सिद्ध होतं?' हा आक्षेप रास्त आहे. रक्तदाब सांभाळणारी माणसं बाकी सगळंही सांभाळत असतील. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग बघावे लागतात. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' प्रयोगात नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांचा वरचा रक्तदाब 120 च्या खाली आणायचा प्रयत्न झाला, बाकीच्यांचा 140 च्या खाली. स्मृतिभ्रंशाच्या आधीची पायरी, म्हणजे सौम्य बौद्धिक घसरण, पहिल्या गटात 19 टक्क्यांनी कमी निघाली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. ती उणीव 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनच्या प्रयोगाने भरून काढली. 326 खेडी, चाळिशीपुढचे जवळपास 34 हजार उच्च रक्तदाबाचे रुग्ण, आणि उपचार करणारे मोठ्या रुग्णालयातले तज्ज्ञ नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेले गावचेच वैद्यकीय कार्यकर्ते. निम्म्या खेड्यांत रक्तदाब नेटाने 130/80 च्या खाली ठेवायचा प्रयत्न झाला. चार वर्षांत तिथे स्मृतिभ्रंश 15 टक्क्यांनी कमी झाला. आशाताई आणि उपकेंद्रं असलेल्या महाराष्ट्राने अभ्यासावा असा हा प्रयोग आहे.

'आमचे वडील शिकलेले, रोज फिरायला जाणारे, बीपी नाही, शुगर नाही, तरी त्यांना झालाच.' होऊ शकतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये चौदा घटक मोजून सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश तत्त्वतः टाळता किंवा लांबवता येण्याजोगा म्हटला, म्हणजे निम्म्याहून अधिक त्या यादीबाहेरच राहिला. शिवाय हा हिशोब समाजाचा आहे. तुमचा धोका नेमका 45 टक्क्यांनी कमी होईल, असा त्याचा अर्थ नाही, आणि ज्यांना विकार झाला त्यांनी काही चूक केली, असा तर अजिबातच नाही. कुटुंबांनी स्वतःला किंवा रुग्णाला बोल लावू नये.

सल्ला मागाल तर पहिला चाळिशीतल्यांना आहे, वृद्धांना नंतर. रक्तदाब मोजून घ्या. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत असते. तो वाढलेला असेल, तर 'एकदा गोळी सुरू झाली की जन्माची सवय लागते' या भीतीने टाळू नका. गोळी जन्मभर लागते, कारण विकार जन्मभराचा असतो. चाळिशीनंतर वरचा आकडा 130 किंवा त्याखाली असावा, अशी आयोगाची शिफारस आहे. मात्र पंचाहत्तरी-ऐंशीतल्या अशक्त माणसाचा रक्तदाब घाईने खाली ओढला, तर उठताना भोवळ येऊन तो पडू शकतो. तिथे उभं करून मोजलेला रक्तदाबही डॉक्टरांना कळला पाहिजे. साखर आणि कोलेस्टेरॉल सांभाळा, तंबाखू आणि मिश्री सोडा. डोक्याला मार लागू नये म्हणून दुचाकीवर हेल्मेट घाला. पुण्यातल्या वाचकांना हे आवडणार नाही, पण डोक्याची इजा त्या चौदांच्या यादीत आहे.

कानांबद्दल थोडं सविस्तर. ऐकू कमी आलं की माणूस बैठकीतून उठून आतल्या खोलीत जातो, मग बोलणंच कमी होतं. अमेरिकेतल्या 'अचीव्ह' प्रयोगात श्रवणयंत्र दिलेल्या सगळ्यांना मिळून बौद्धिक फायदा दिसला नाही. पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता, त्या गटात तीन वर्षांतली घसरण जवळपास निम्म्यावर आली. पुरावा अर्धवट आहे, पण कानाचं मशीन बोलतं ठेवतं, एवढ्यासाठीही ते घेण्यासारखं आहे. मोतीबिंदूचं तसंच. स्मरणशक्तीची टॉनिकं आणि मेंदू तल्लख करणारी ॲप यांवर पैसे घालवण्याआधी कान आणि डोळे तपासा.

ज्यांच्या घरी विकार आधीच आलेला आहे, त्यांना हे सगळं उशिराचं वाटेल. पण आधी विकार खरंच तोच आहे का, ते पाहा. बी-12 ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, पडल्यानंतर मेंदूभोवती साचलेलं रक्त, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या, यांनीही माणूस असाच दिसू शकतो आणि उपचाराने सुधारू शकतो. निदान पक्कं झालं, तरी करण्यासारखं संपत नाही. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवून दिलं की थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मार्गदर्शन केलं, तर सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारतं. तपासणीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, आणि जो रोज सोबत राहतो त्यालाच बरोबर पाठवा. दूरच्या शहरातून आलेल्या मुलापेक्षा शेजारी झोपणाऱ्या पत्नीला अधिक ठाऊक असतं. डॉक्टर विचारतील: बदल कधीपासून, हळूहळू की एकदम, पैशांचा व्यवहार अजून जमतो का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, आणि जे काम आता तुम्ही त्यांच्यासाठी करता, ते त्यांच्याकडून कधी आणि का काढून घेतलं.