लेदर सीटची निगा : हदगावच्या उन्हात आणि फुफाट्यात

मोटारीच्या सीटवरचे लेदर उघडे चामडे नसते. कातडे कमावून झाले की त्यावर रंगाचा थर देतात आणि त्या रंगावर पॉलियुरेथेनचा केसाहूनही पातळ असा पारदर्शक थर चढवतात. बसणाऱ्याच्या अंगाला लागतो तो हा वरचा थर. मळ साचतो याच थरावर, रंग उडतो याच्या झिजण्याने आणि भेगेची सुरुवातही इथूनच होते. त्यामुळे सीटची निगा म्हणजे मुख्यतः या थराची निगा. एवढे ध्यानात घेतले की बाजारातल्या निम्म्या बाटल्या आणि घरगुती उपायांपैकी बहुतेक सगळे आपोआप बाद होतात.

चामड्याला तेल पाजावे, ही समजूत मराठी मुलखात जुनी आहे आणि जिथून ती आली तिथे ती खरीही आहे. कोल्हापुरी वहाणेचे चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले आणि वरून उघडे असते. त्याला तेल दिले की ते आत मुरते, वहाण मऊ पडते. मोटारीच्या सीटवर तेच खोबरेल चोळले तर वरच्या थरामुळे ते आत जात नाही. पृष्ठभागावर चिकट राहते, धूळ धरून ठेवते, उन्हात खवट होते आणि हळूहळू वरचा थर मऊ पाडते. सीटच्या चामड्याला लागणारी स्निग्धता कमावतानाच कारखान्यात दिलेली असते.

सफाईला हात घालण्यापूर्वी सीट कशाची आहे ते पाहावे. अनेक गाड्यांत टेकायचा आणि बसायचा भाग तेवढा खऱ्या लेदरचा असतो. बाजू आणि पाठीमागचा भाग रेक्झिनचा असतो. दुकानातून वेगळी कव्हरे शिवून घेतलेली असतील तर ती बहुधा पूर्णच रेक्झिनची, म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेली असतात. सीटच्या खालच्या बाजूने कड उलटून पाहिली की रेक्झिनच्या मागे विणलेले कापड दिसते, चामड्याच्या मागे लवदार तंतू दिसतात. रेक्झिनला कंडिशनर लागत नाही. ते सौम्य क्लिनरने पुसले की काम झाले. खऱ्या लेदरवर आडोशाच्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो तसाच राहिला तर वर थर आहे. मुरून डाग गडद झाला तर ते उघडे, ॲनिलीन पद्धतीचे लेदर असते. अशी सीट फारच थोड्या महागड्या गाड्यांत येते आणि ती जाणकार कारागिराकडेच द्यावी.

नांदेड जिल्ह्यातले हदगाव तुळजापूर–नागपूर राष्ट्रीय महामार्गावर आहे, पण तालुक्यातली बरीच वाहतूक शिवाररस्त्यांवरून होते. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा आणि मुरमाची बारीक कच गाडीत शिरते, लेदरच्या रेघारेघांत आणि शिलाईत बसते. माणूस बसताना-उठताना ही कच पॉलिश कागदाचे काम करते. म्हणून ड्रायव्हरच्या सीटचा दरवाजाकडचा उंचवटा सगळ्यांत आधी झिजतो. त्यात ऊन. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी येथे केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाहेर ३८ अंशांहून अधिक तापमान असताना तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या सीट सरासरी ५१ अंशांपर्यंत तापल्या आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत. नांदेड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असणे नित्याचे आहे, तेव्हा इथल्या गाड्यांची अवस्था याहून बरी असण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातल्या एका गाडीचा अनुभव इथे नोंदवण्याजोगा आहे. लगनसराईत हळदीचे कपडे घातलेली मंडळी क्रीम रंगाच्या सीटवर बसून आली आणि पिवळे डाग पडले. गाडी एका वॉशिंग सेंटरवर दिली गेली. तिथे वॉशिंग पावडरचा फेस आणि प्लॅस्टिकचा ताठ ब्रश वापरला गेला. डाग जाण्याऐवजी लालसर झाले. त्याचे कारण साधे आहे : हळदीला क्षार लागला की ती लाल होते, चुना घालून हळदीचे कुंकू करतात ते याच गुणावर. लाली दिसताच घासण्याचा जोर वाढला आणि वरचा थर खरवडला गेला. शेवटी चमक यावी म्हणून डॅशबोर्डचे सिलिकॉन पॉलिश सीटवर फिरवले गेले. गाडी नव्यासारखी दिसली, पण सीटवरून अंग घसरू लागले आणि पुढचा उन्हाळा संपण्याआधीच घासलेल्या जागी जाळीदार भेगा पडल्या. हळदीचा रंग उजेडाने मुळातच फिका पडत जातो. कोरड्या फडक्याने पूड झटकून, सौम्य क्लिनरने टिपून उरलेला पिवळेपणा दिवसांवर सोडला असता तर सीट वाचली असती.

वॉशिंग पावडरचा दोष केवळ हळदीपुरता नाही. कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि कपड्यांची पावडर चांगलीच क्षारीय असते. शिलाईच्या भोकांतून, भेगांतून पावडरचे पाणी आत गेले की चामडे कडक होते. फिनेल, काच पुसायचे अमोनियायुक्त द्रव, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन आणि रॉकेल यांपैकी कशाचाही सीटशी संबंध येऊ देऊ नये. गावाकडे आणखी एक धोका मागच्या सीटवरून प्रवास करतो. कीटकनाशकाच्या बाटल्यांमध्ये बऱ्याचदा औषध विरघळवायचे द्रावक असते. झाकण सैल राहून ते गळले तर रंगासकट थर उचलला जातो. औषधे, खते डिकीत आणि तीही टबात ठेवावीत.

सफाई सावलीत आणि सीट थंड असताना करावी. आधी मऊ ब्रशच्या तोंडाचा व्हॅक्युम क्लीनर फिरवून शिलाईतली माती काढावी. माती न काढता ओले फडके लावणे म्हणजे कच घासून बसवणे. मग लेदरसाठीचा, क्षार नसलेला क्लिनर फडक्यावर किंवा मऊ ब्रशवर घ्यावा. सीटवर थेट फवारू नये. जाळीदार छिद्रांची, हवा खेळवणारी सीट असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण छिद्रांतून द्रव खालच्या पंख्यापर्यंत जातो. एका वेळी अर्धी सीट घेऊन हलक्या हाताने फेस फिरवावा, मायक्रोफायबरच्या फडक्याने लगेच टिपावा, मग पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. हे पाणी बोअरचे नको. मराठवाड्यातल्या जड पाण्याने वाळल्यावर पांढरट क्षारांचे डाग उमटतात. जारचे फिल्टर पाणी बरे. वाळवण्यासाठी दरवाजे उघडे ठेवावेत. ऊन किंवा हेअर ड्रायर नको.

डोके टेकायच्या भागाकडे सहसा कुणी पाहत नाही, आणि केसांच्या तेलाने सर्वांत आधी काळवंडतो तोच. तो महिन्याला पुसावा. बाकी सीट आठवड्याला कोरड्या फडक्याने आणि दोन-तीन महिन्यांनी क्लिनरने पुसल्यास पुरे होते. घामाने भिजलेला नवा रंगीत गमछा सीटवर अंथरू नये. नव्या जीन्सप्रमाणे त्याचाही रंग फिकट लेदरवर उतरतो. या भागात क्रीम रंगाची सीट निवडूच नये, हे उत्तम.

कंडिशनरकडून अपेक्षा मर्यादित ठेवावी. थर असलेल्या लेदरमध्ये ते फारसे मुरत नाही. ते पृष्ठभाग लवचीक ठेवते, घर्षण कमी करते, आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा घटक त्यात असेल तर उन्हाचा मारा थोडा झेलते. वर्षातून तीन-चारदा, स्वच्छ सीटवर, नाण्याएवढे घेऊन पातळ पसरावे आणि थोड्या वेळाने उरलेले पुसून काढावे. तुळतुळीत चमक हे बिघाडाचे लक्षण आहे : चांगले लेदर मंद दिसते.

पावसाळ्यात बंद उभ्या गाडीत सीटवर पांढुरकी बुरशी धरते. ती गाडीबाहेर झटकून, क्लिनरने पुसून, कोरड्या दिवशी गाडी उघडी ठेवावी. उन्हाळ्यात पुढच्या काचेला आडपडदा लावणे हा कुठल्याही बाटलीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. कव्हर चढवायचे असेल तर आधी गाडीचे पुस्तक पाहावे, कारण काही गाड्यांच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असते आणि साध्या शिलाईचे कव्हर तिला उघडू देत नाही.

एकदा पडलेली भेग कंडिशनरने बुजत नाही. भेग वरवरची असेल तर लेदरचे भरण आणि रंग देणारा कारागीर ती झाकू शकतो. चामडे आरपार फाटले असेल तर तेवढा तुकडा उसवून नवा शिवावा लागतो. तुकडा बदलताना शेजारच्या जुन्या, रापलेल्या रंगाशी नमुना जुळवून मगच काम सुरू करायला सांगावे.