जनावरांच्या डोळ्यांतील ग्रंथी : ओळख व काळजी



पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर परिसरात गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी मोठ्या निगुतीने केली जाते. गोठ्यातील जनावराच्या डोळ्याकडेही तसेच लक्ष द्यावे. त्यासाठी डोळ्यातील ग्रंथींची माहिती असणे उपयुक्त ठरते.

ग्रंथी कोणत्या?
१) अश्रुग्रंथी : डोळ्याच्या खोबणीत, वरच्या व बाहेरच्या बाजूस असते.
२) तिसऱ्या पापणीची ग्रंथी : नाकाकडील कोपऱ्यात जो पातळ पडदा असतो, त्याच्या कूर्चेभोवती असते.
३) हार्डर ग्रंथी : त्याहून खोल असते. स्विस वैद्य हार्डर यांनी १६९४ मध्ये हरणात तिचे वर्णन केले.
४) पापणीच्या कडेच्या ग्रंथी : यांतील तेलकट स्रावामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत.

प्राण्यांतील फरक
गाय, म्हैस व शेळीमध्ये तिसरी पापणी व तिची ग्रंथी चांगली वाढलेली असते. डुकरात हार्डर ग्रंथी मोठी असून अश्रुग्रंथीचा स्राव चिकट असतो. सशाची हार्डर ग्रंथी पांढरा व गुलाबी अशा दोन भागांची असते. कुत्रा, मांजर व घोड्यात ती आढळत नाही. माणसात तिसऱ्या पापणीची केवळ खूण, म्हणजे कोपऱ्यातील लहानशी गुलाबी घडी, उरली आहे. आरशात पाहिल्यास ती दिसेल.

हा फरक ध्यानात न घेतल्यास चूक होते. आपल्या डोळ्यात असा पडदा नसल्याने जनावराच्या डोळ्यात तो दिसताच ‘मांस वाढले’ असा समज होतो. हा पडदा कधीही कापू नये. त्यासोबत ग्रंथी गेल्यास अश्रू कमी होतात, डोळा कोरडा पडतो व बुबुळास इजा होते.

धोक्याची खूण
पडदा एकाएकी डोळ्यावर आला, अंग ताठले, कान व शेपटी ताठ झाली, जबडा उघडेना, तर तो धनुर्वात असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे.

डोळ्याला सतत पाणी येत असल्यास
• तिसऱ्या पापणीखाली १ ते २ सें.मी. लांबीचे पांढरे, दोऱ्यासारखे कृमी असू शकतात. त्यांचा प्रसार माश्यांमार्फत होतो. म्हणून शेण रोज उचलावे व उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवावा.
• भाताच्या पेंढ्यात ‘अ’ जीवनसत्त्व बनवणारा घटक फारच थोडा असतो. केवळ पेंढ्यावर जनावर बराच काळ राहिल्यास रातांधळेपणा येतो व डोळे बिघडतात. उन्हाळ्यातही थोडी हिरवी वैरण द्यावी.
• डोळा उकळून कोमट केलेल्या पाण्याने, स्वच्छ फडक्याने पुसावा. तंबाखू, मीठ अथवा घरातील उरलेले थेंब घालू नयेत. बुबुळावर जखम असताना चुकीच्या औषधाने डोळा कायमचा जाऊ शकतो.

दूध काढताना रोज दोन्ही डोळे पाहण्याची सवय ठेवावी. एका डोळ्यात फरक दिसला तरी उपचारास विलंब करू नये.