पाणी काचेसारखं, तरी अमोनिया कुठून?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मुलीच्या हट्टाखातर वीस लिटरचा छोटा फिशटँक आणला. त्यात दोन गोल्डफिश आणि चार मोली आहेत. दर रविवारी सगळं पाणी काढून, गोटे ब्रशने घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन टँक पुन्हा भरतो. पाणी आरपार दिसतं. तरी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करतात, आणि टेस्ट किटने अमोनिया तपासला तर रंग गडद हिरवा येतो. उलट शेजारच्या काकांचा टँक वर्षभर कुणी हात न लावलेला, काचेला शेवाळ, आणि मासे मजेत. त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत एकदाच सगळं पाणी बदललं, तर दोन दिवसांत निम्मे मासे गेले. स्वच्छता माशांना मानवत नाही का?
— एक वाचक

उत्तर : मानवते, पण स्वच्छता कशाला म्हणायचं याबाबत तुमचं आणि माशांचं एकमत नाही. तुमच्या पत्रात दोन कोडी आहेत. तुमच्या टँकचं कोडं सरळ आहे, काकांचं जरा आडवळणाचं. आधी तुमचं घेऊ.

पाणी आरपार दिसतं यावरून अमोनियाबद्दल काहीच कळत नाही. तो पाण्यात पूर्ण विरघळतो, त्याला रंग नसतो, आणि माशाला त्रास होण्याइतका असला तरी आपल्या नाकाला कळत नाही. गढूळ पाणी निर्धोक असू शकतं आणि नितळ पाणी विषारी. अशा वेळी किटचा रंग खरा मानायचा. पिवळा म्हणजे ठीक, आणि हिरवा जितका गडद तितकी काळजी अधिक.

हा अमोनिया बहुतेकांना वाटतो तसा फक्त विष्ठेतून येत नाही. माशाने खाल्लेल्या प्रथिनांतला जादा नायट्रोजन कुठेतरी बाहेर पडायलाच हवा. आपण त्याचा युरिया करून लघवीवाटे टाकतो. मासा ती खटपट करत नाही. तो बराचसा अमोनिया थेट कल्ल्यांमधून पाण्यात सोडतो. म्हणजे तळाची घाण रोज उपसली तरी मासा श्वास घेता घेता अमोनिया सोडतच राहणार. त्यात न खाल्लेले, तळाशी कुजणारे दाणे भर घालतात.

एकूण अमोनिया किती होतो, त्याचा हिशेब करून पाहा. चाळीस टक्के प्रथिनं असलेलं एक ग्रॅम खाद्य माशांनी खाल्लं, तर त्यातून ढोबळमानाने 35 मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. तुमच्या वीस लिटरमध्ये तो लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास जातो. किटवर 0.25 दिसलं तरी शौकीन मंडळी अस्वस्थ होतात, आणि इथे एका ग्रॅमची ही कथा. तेच खाद्य दोनशे लिटरच्या टँकमध्ये पडलं असतं तर आकडा दहापट कमी आला असता. 'नवशिक्याने लहान टँकपासून सुरुवात करावी' हा दुकानातला सल्ला म्हणूनच उलटा आहे. लहान टँकमध्ये चूक पचवायला पाणीच नसतं.

मग जुन्या टँकमध्ये हा अमोनिया जातो कुठे? तो जिवाणू खातात. एका गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात माशांना सोसतं. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये हे जिवाणू वेगळे करून दाखवले. ते हाती लागत नव्हते याचं कारण गमतीचं आहे : प्रयोगशाळेत इतर जिवाणूंना जो पौष्टिक खुराक घालतात, त्यावर हे वाढतच नाहीत. ते अमोनिया-नायट्राइटवरच जगतात आणि फार सावकाश वाढतात. इतर अनेक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना त्यासाठी बरेचदा दिवसभर लागतो. म्हणून नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात.

आता मुद्द्याची गोष्ट. हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे फिरत नाहीत. ते कुठेतरी चिकटून राहतात : स्पंजच्या छिद्रांत, गोट्यांवर, काचेवर. हात लावल्यावर बुळबुळीत लागतो तो थर त्यांचाच. दर रविवारी तुम्ही तो ब्रशने काढता, आणि जो स्पंजमध्ये उरतो त्याला नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतं. सोमवारी टँक पुन्हा पहिल्या दिवसावर. दोन महिन्यांचा टँक म्हणता, पण जिवाणूंच्या लेखी तो कधीच आठवड्यापेक्षा मोठा झालेला नाही.

मासे वर येऊन तोंड उघडतात ते पाहून लोक हवेचा पंप आणतात. हवा हवीच, मासे आणि जिवाणू दोघांनाही. पण बुडबुड्यांनी अमोनिया उडून जात नाही. अमोनियामुळे कल्ले सुजतात आणि पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही. तुरटीने पाणी निवळेल, अमोनिया जाणार नाही. निळं औषध बुरशीसाठी ठीक असेल, पण ते उरल्यासुरल्या जिवाणूंनाही त्रास देतं. आणि मित्राच्या टँकमधलं बादलीभर जुनं पाणी आणून ओतण्यात फारसा अर्थ नाही, कारण वस्ती पाण्यात नव्हतीच. त्याऐवजी त्याच्या निरोगी टँकमधला वापरता स्पंज मागा. तो टँकच्याच पाण्यात भिजवून आणा, वाटेत सुकू देऊ नका आणि तुमच्या फिल्टरजवळ ठेवा. दुधाला विरजण लावावं तसं ते काम आहे, फक्त लागायला एक रात्र नव्हे, काही दिवस लागतात.

तोवर काय करायचं? दोन दिवस खाद्य पूर्ण बंद. मोठे मासे उपाशी मरत नाहीत. त्यांच्या केविलवाण्या नजरेला भुलू नका, ती पोट भरल्यावरही तशीच असते. रोज एकतृतीयांश ते अर्धं पाणी बदला. नवं पाणी आधी अँटिक्लोरीन घालून किंवा दिवसभर उघड्या बादलीत ठेवून, तापमान सारखं करून घ्या. निम्मं पाणी बदललं की अमोनिया निम्मा होतो, शून्य नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. गोट्यांना हात लावायचा नाही. स्पंज फारच तुंबला तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, नळाखाली नाही.

दोन-तीन आठवड्यांनी अमोनिया उतरेल आणि तुम्ही निश्वास टाकाल, तेव्हा नायट्राइट चढलेलं असेल. कारण दुसऱ्या गटातले जिवाणू मागाहून येतात. नायट्राइट माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. इथे मीठ खरंच कामाचं : लिटरमागे अर्धा ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला साधारण दोन छोटे सपाट चमचे, विरघळवून. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. स्वयंपाकघरातलं आयोडीनचं मीठही चालतं. अमोनियावर मात्र मिठाचा उपयोग नाही. आणि फिल्टरमध्ये झिओलाइटचे खडे घातले असतील तर मीठ घालू नका, त्यांनी शोषलेला अमोनिया ते परत पाण्यात सोडतील.

आता काका. त्यांच्या टँकमध्ये जिवाणू भरपूर, मग पाणी बदलल्यावर मासे का गेले? याचं उत्तर अमोनियाच्या दोन रूपांत आहे. पाण्यात तो थोडा अमोनिया म्हणून आणि बराचसा अमोनियम म्हणून असतो. अमोनियम जवळपास निरुपद्रवी, विषारी तो अमोनिया. किट दोघांची बेरीज दाखवतं. कोणाचा वाटा किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर विषारी रूप शेकडा अर्ध्याच्या आसपास; पीएच 8 ला शेकडा पाच; साडेआठला शेकडा पंधराच्या घरात. पाणी तापलं की हा वाटा आणखी वाढतो.

जिवाणू अमोनिया खाताना आम्ल तयार करतात. वर्षभर पाणी बदललं नाही तर ते आम्ल पाण्यातला क्षार संपवतं आणि पीएच हळूहळू सहाच्या खाली उतरतो. तिथे जिवाणूही मंदावतात. अमोनिया साठू लागतो, पण जवळजवळ सगळा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात. मासे त्याला सरावतात, काका खूश. मग दिवाळी येते. काका बोअरचं पाणी भरतात की नळाचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं, पीएच साडेसात-आठच्या पुढे. पाणी काढताना तळाशी आणि गोट्यांत थोडं जुनं राहतंच, गाळही ढवळला जातो; त्यातलं अमोनियम नव्या पाण्याच्या पीएचला विषारी रूप घेतं. शिवाय सहाच्या पाण्यात सरावलेला मासा तासाभरात आठच्या पाण्यात गेला, तो धक्का वेगळाच. मासे यातल्या कशाने गेले हे दूर बसून सांगता येणार नाही, बहुधा दोन्हींनी.

काकांना सांगा की उरलेले मासे जपायचे असतील तर दर आठवड्याला एक-दोन मग पाणी काढून तेवढंच नवं घालावं, म्हणजे क्षार संपत नाही आणि पीएच घसरत नाही. ज्यांचा टँक वर्षभर तसाच पडून आहे त्यांनीही एकदम निम्मं न बदलता दहा टक्क्यांपासून, दिवसाआड, सुरुवात करावी. टँकमध्ये मनीप्लँटची मुळं सोडली तर तीही अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषतात. पानं मात्र पाण्याबाहेर राहू द्या, बुडाली की कुजतात. आणि तुमच्याबद्दल एक : दोन गोल्डफिश वीस लिटरमध्ये कितीही काळजी घेतली तरी फार काळ राहणार नाहीत. साध्या जातीचा गोल्डफिश वीतभर वाढतो. ते दोन कुणाच्या तरी मोठ्या टँकमध्ये द्या, मोली तुमच्याकडे ठेवा, आणि मुलीला आधी सांगा.