वंशावळ आणि हजेरी

चि. भाचीस,


तलासरीच्या स्नेहसंमेलनात शेक्सपिअरचे ‘चौथा हेन्री’ मराठीतून उभे करण्याचा तुझा मनोदय वाचून आनंद झाला; परंतु लँकॅस्टर आणि यॉर्क घराण्यांची समग्र वंशावळ आरंभीच सूत्रधाराच्या तोंडी घालण्याचा बेत मात्र तत्काळ रद्द कर. तरुणपणी हाच प्रमाद माझ्या हातून घडला होता, आणि तिसऱ्या एडवर्डच्या पुत्रांची गणती संपण्यापूर्वीच मागल्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या.

खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली रंगभूमीवर आले, तेव्हा नारायणरावाचा खून, राघोबाची हाव आणि रामशास्त्र्यांचा बाणा हे सारे प्रेक्षक घरूनच घेऊन आला होता; शेक्सपिअरच्या लंडनकरालाही आपल्या राजांची भांडणे तशीच परिचित होती. ऐतिहासिक नाटकाचा निम्मा संसार असा प्रेक्षकाच्या स्मरणात आधीच थाटलेला असतो. तुझ्या वारली प्रेक्षकाच्या स्मरणात मात्र ना लंडनचा मनोरा, ना शनिवारवाडा. तेथे आहेत सावकाराचा तगादा आणि १९४५ साली झरीच्या सभेत वेठ नाकारणारे त्याचे आजे-पणजे.

म्हणून नाटकाच्या दुसऱ्या भागातील सैन्यभरतीच्या प्रवेशावर सारी शक्ती लाव. राजाच्या नावाने लबाड सरदार फॉल्स्टाफ खेड्यात येतो, न्यायाधीश शॅलोच्या दारी यादीबरहुकूम हजेरी घेतो, लाच पोचवणाऱ्या दोघांना मोकळे करतो आणि उरलेल्या दुबळ्यांना फौजेत ओढतो; हा व्यवहार तिकडे कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. तथापि फॉल्स्टाफला सावकाराचे धोतर नेसवू नकोस; साम्य प्रेक्षकाने स्वतः ओळखावे.

दुसरी गोष्ट भाषेची. सरदारांनी पुणेरी बोलावे, गावकऱ्यांनी बोलीत, आणि हशा बोलीच्या वाट्याला यावा, हा आपल्या नाटकवाल्यांचा जुना शिरस्ता. तलासरीत तो हशा प्रेक्षकाच्या आईच्या भाषेवर होईल! गावकऱ्यांची वारली साधी आणि गंभीर ठेव. फुगीर, पुस्तकी मराठी फॉल्स्टाफला दे. लाच न देता मुकाट्याने निघणाऱ्या फीबल शिंप्याचे काम विनोदी नटाला न देता तुझ्या सर्वोत्तम मुलाला दे. आणि हजेरीची यादी कोरी नको, नावे खरोखर लिहिलेली असू देत.

तालमीस येईन म्हणतो. डहाणूहून तिकडे येणाऱ्या एस.टी.च्या वेळा कळव.

तुझा,
मामा